स्वतःच्या पत्त्यावर

सिॲटलच्या जिलियन म्युसिग १९८१पासून छोट्या धंदेवाल्यांना मार्केटिंगचा सल्ला देत होत्या. इंटरनेट आलं, तसा त्यांचा मुलगा रँड फिशकिन वेबसाइट बनवून देण्याच्या कामात त्यांच्या हाताशी आला आणि २००१मध्ये कॉलेज अर्धवट सोडून पूर्णवेळ तेच करू लागला. वेळ मात्र वाईट निघाली. डॉट-कॉमचा फुगा नुकताच फुटला होता, कामं आटली होती. ऑफिसचा खर्च क्रेडिट कार्डांवर आणि उसनवारीवर चालू लागला. मुद्दलावर व्याज, व्याजावर दंड असं चढत चढत हे कर्ज अखेर पाच लाख डॉलरच्या घरात गेलं. वसुलीवाले दारात येऊ लागले. रँडच्या वडिलांच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नाही, असं मायलेकांनी ठरवलं होतं. हे सगळं रँडने पुढे ‘लॉस्ट अँड फाउंडर’ या २०१८ सालच्या पुस्तकात हातचं न राखता लिहिलं.

गिऱ्हाइकांच्या वेबसाइट गूगलच्या निकालांत वर आणायचं काम ते आधी बाहेरच्या लोकांकडून करून घेत. त्यांना द्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा रँडने ते स्वतः शिकायला घेतलं. शिकताना त्याला जाणवलं की या धंद्यात कुणी कुणाला काही सांगत नाही. गूगल वेबसाइटींचा क्रम कसा लावतं, हे थोडंफार ज्यांना उमगलं होतं, त्यांनी ते मुठीत धरून ठेवलं होतं. चाचपडत, प्रयोग करत त्याच्या हाती जे लागलं, ते तो रात्री जागून लिहून काढू लागला. या लिखाणासाठी काढलेल्या वेबसाइटचं नाव ‘एसईओमॉझ’. ‘एसईओ’ म्हणजे वेबसाइट सर्च इंजिनांत वर आणायचं हेच काम; ‘मॉझ’ हा तुकडा मोझिला आणि डीमॉझ यांच्यासारख्या खुल्या प्रकल्पांवरून घेतलेला. जे कळेल ते उघड सांगायचं, हा इरादा नावातच होता.

मग त्याने नवख्यांसाठी सर्च इंजिनांची ओळख करून देणारं एक लांबलचक मार्गदर्शक लिहिलं आणि ते फुकट ठेवलं. वेबसाइट असलेला कुणीही ते वाचू शकत होता, वाचून स्वतःचं काम स्वतः करू शकत होता. धंद्याच्या हिशेबात हा वेडेपणाच वाटावा, कारण जे विकून पोट भरायचं तेच वाटून टाकलं होतं. झालं उलटंच. ते मार्गदर्शक लोक एकमेकांना पाठवू लागले, आपापल्या वेबसाइटवरून त्याचे दुवे देऊ लागले. दुव्यांमुळे एसईओमॉझ गूगलवर वर सरकली. ते वाचून ज्यांना ‘हे आपल्याच्याने व्हायचं नाही’ असं वाटलं, त्यांनी लिहिणाऱ्याला फोन लावला. २००७मध्ये या मायलेकांच्या छोट्या कंपनीत ११ लाख डॉलरची गुंतवणूक आली, सल्ल्याच्या धंद्याचं रूपांतर सॉफ्टवेअरच्या धंद्यात सुरू झालं आणि कर्जाचा डोंगर मागे पडला.

छोट्या इंटरनेट मार्केटिंग व्यवसायाने ऑनलाइन ओळख उभी करायची म्हणजे काय करायचं, याचं उत्तर शोधताना सिॲटलच्या या उदाहरणापासून सुरुवात करावी, कारण त्यात सुरुवातीला नव्हतंच काही. पैसा नव्हता, मोठी गिऱ्हाइकं नव्हती, बक्षिसं नव्हती, पदवीही नव्हती. अनोळखी माणसाला ताडून बघता येईल असं काम मात्र होतं, आणि ते रोज त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर दिसत होतं.

हा धंदाच मुळात विचित्र आहे. गवंड्याने बांधलेलं घर दिसतं, शिंप्याने शिवलेला अंगरखा अंगावर घालून बघता येतो. इंटरनेट मार्केटिंगवाला मात्र जे विकतो ते पुढच्या सहा महिन्यांत किंवा वर्षभरात घडायचं असतं. गूगलच्याच अधिकृत सल्ल्यात म्हटलं आहे की असं काम करणाऱ्याला बदल अमलात आणून त्यांचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागतं. म्हणजे पैसे आज मोजायचे आणि फळ दिसायचं पुढच्या दिवाळीला. मधल्या काळात गिऱ्हाइकापाशी विश्वासाखेरीज दुसरं काही नसतं. हा विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायला त्याला सर्वांत जवळचा पुरावा म्हणजे त्या मार्केटिंगवाल्याची स्वतःची वेबसाइट.

आणि नेमकी तीच बऱ्याचदा दुर्लक्षित असते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही शहरात एखाद्या व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर दोन-चार लॅपटॉपवर चालणारं असं ऑफिस सापडतं. लोकांची फेसबुक पानं सांभाळायची, गूगलवर जाहिराती लावायच्या, वेबसाइट बांधायच्या, सणासुदीच्या शुभेच्छांची चित्रं वेळेवर टाकायची, ही कामं तिथे रात्रंदिवस चालतात. त्याच ऑफिसची स्वतःची वेबसाइट उघडावी तर मुखपृष्ठावर काचेच्या इमारतीत हस्तांदोलन करणारी परदेशी माणसं दिसतात. खाली इंग्रजीत प्रगती, नावीन्य आणि तीनशेसाठ अंशांची सेवा यांची ग्वाही असते. ‘आमच्याविषयी’ या पानावर एकाही माणसाचं नाव नसतं. शेवटची बातमी तीन वर्षांपूर्वीची. कामाच्या रगाड्यात स्वतःकडे बघायला सवड मिळत नाही, हे खरं आहे आणि समजण्यासारखंही आहे. पण गिऱ्हाइकाला तो रगाडा दिसत नाही. त्याला पान दिसतं.

तो पानाकडे कसा बघतो, याचा मोठा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांच्या गटाने २००२मध्ये प्रसिद्ध केला होता. २,६८४ लोकांना खऱ्या वेबसाइट दाखवून त्यांच्या विश्वासार्हतेबद्दल मतं लिहायला सांगितली होती. त्या मतांपैकी ४६.१ टक्के मतांत वेबसाइटच्या दिसण्याचा, म्हणजे मांडणी, अक्षरं, रंग यांचा उल्लेख होता. दिसण्याला एवढं वजन असतं, हे कबूल करायलाच हवं. गचाळ पानावर उत्तम मजकूर असला तरी तो वाचेपर्यंत माणूस थांबत नाही.

पण याच गटाने त्याच वर्षी विश्वासार्ह वेबसाइटसाठी दहा सूचना काढल्या, त्या वाचल्या की चित्र पालटतं. त्यांतली दिसण्याबद्दलची सूचना एकच. बाकीच्या सूचना सांगतात की दिलेली माहिती पडताळून बघायची सोय ठेवा, वेबसाइटमागे खरी संस्था आहे हे दाखवा, त्यातली खरी माणसं दाखवा, त्यांचं कौशल्य कशात आहे ते सांगा, संपर्क सोपा ठेवा, मजकूर ताजा ठेवा, जाहिरातबाजीला आवर घाला, आणि चूक कितीही बारीक असली तरी ती राहू देऊ नका. वीस वर्षांहून जुनी ही यादी आजही तशीच्या तशी लागू पडते. ‘र्‍हस्व-दीर्घ कोण बघतं’ म्हणणाऱ्या मराठी वेबसाइटवाल्यांनी तर तिची शेवटची ओळ वहीत उतरवून ठेवावी. जाहिरातीचा मजकूर लिहून देतो असं सांगणाऱ्याच्याच पानावर ‘आम्हि’ दिसलं, तर गिऱ्हाइकाने पुढे काय वाचावं?

ऑनलाइन ओळखीत पत्ता हा पहिला मुद्दा, आणि त्याकडे सर्वांत जास्त काणाडोळा होतो. फेसबुक पान, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप क्रमांक एवढ्यावर धंदा सुरू करता येतो, तेव्हा वेबसाइटचा खर्च कशाला, असा प्रश्न नव्या माणसाला पडतो. त्याचं उत्तर गेल्या काही वर्षांच्या घटनांत आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्यात टिकटॉक होतं. रात्रीतून भारतातली तिथली खाती गप्प झाली. गावोगावच्या ज्या पोरापोरींनी तिथे लाखोंनी प्रेक्षक जमवले होते, त्यांच्यापाशी त्या प्रेक्षकांचा एकही पत्ता नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊच्या सुमारास भारतात फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम बंद पडली आणि जवळजवळ सहा तास बंद राहिली. गूगलने २०११मध्ये गाजावाजा करून आणलेलं गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये गुंडाळलं.

छोट्या धंद्यांना सर्वांत जास्त झोंबावी अशी घटना २०२४ची आहे. गूगलच्या व्यवसाय-नोंदीतून, म्हणजे आता ज्याला गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात त्यातून, फुकट वेबसाइट बनवून मिळत असे. ‘बिझनेस डॉट साइट’ अशा शेपटाच्या या वेबसाइट असंख्य दुकानदारांनी केल्या होत्या आणि अनेक मार्केटिंगवाल्यांनी त्या आपल्या गिऱ्हाइकांना करून दिल्या होत्या. मार्च २०२४मध्ये गूगलने त्या बंद केल्या. १० जूनपर्यंत येणारा माणूस गूगलवरच्या नोंदीकडे वळवला जाईल, त्यानंतर काहीच नाही, असं कळवलं गेलं. व्हिजिटिंग कार्डांवर, पाट्यांवर, रिक्षांच्या पाठीवर छापलेले पत्ते निकामी झाले.

समाजमाध्यमं वापरू नयेत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. माणसं तिथे आहेत, तर तिथे जायलाच हवं. पण तिथे जमलेल्या ओळखीला परत येण्यासाठी एक कायमचा पत्ता हवा, आणि त्या पत्त्याची मालकी स्वतःकडे हवी. डोमेनचं नाव वर्षाला हजार रुपयांच्या आसपास मिळतं. ते कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर नोंदलं आहे, हे मात्र फार थोडे लोक तपासतात. वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्याच खात्यात घेऊन ठेवलं आणि पुढे संबंध बिघडल्यावर गिऱ्हाइकाला स्वतःच्याच नावासाठी विनवण्या कराव्या लागल्या, ही तक्रार या क्षेत्रात नेहमीची आहे. जो मार्केटिंगवाला आपल्या वेबसाइटवर ठळकपणे लिहितो की ‘तुमचं डोमेन, तुमचं जाहिरात खातं, तुमची गूगल नोंद यांची मालकी पहिल्या दिवसापासून तुमचीच राहील, आम्हाला फक्त व्यवस्थापकाचा हक्क द्या’, त्याने एका वाक्यात अर्धी शंका मिटवलेली असते. असं वाक्य लिहायला खर्च शून्य, आणि तरीही ते फार क्वचित दिसतं.

मराठी माणसासाठी आणखी एक दार आहे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ हे देवनागरीतलं डोमेन सुरू झालं. पहिल्या टप्प्यातल्या आठ भाषांत मराठी आणि कोकणी होत्या. पूर्ण पत्ता देवनागरीत असू शकतो, हे अजून अनेकांना ठाऊकच नाही. तो एकमेव पत्ता ठेवावा, असं म्हणता येत नाही. देवनागरी ईमेल पत्ते सगळीकडे चालतातच असं नाही. मुख्य पत्ता रोमन लिपीत ठेवून हा त्याच्या जोडीला घ्यावा. मराठी धंद्यांसाठी काम करतो म्हणणाऱ्याने तो घेतलेला असणं, हे बोलण्यापेक्षा जास्त सांगून जातं.

पत्त्याबरोबर ईमेलही आला. फुकटच्या जीमेल खात्यावरून कोटेशन पाठवणारा ‘ब्रँडिंग’ विकत असेल तर मेळ बसत नाही. पण स्वतःच्या डोमेनचा ईमेल घेऊनही काम संपत नाही. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी डोमेनवर लावाव्या लागतात, एका टिचकीत नाव काढायची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. थोडे ईमेल पाठवणाऱ्यालाही यातली किमान एक नोंद लागतेच. या नोंदी म्हणजे डोमेनच्या सेटिंगमध्ये टाकायच्या चार-दोन ओळी. हे पत्र खरंच याच पत्त्यावरून निघालं आहे, अशी साक्ष त्या देतात. त्या नसल्या की मेहनतीने लिहिलेला प्रस्ताव समोरच्याच्या स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडतो आणि पाठवणारा महिनाभर उत्तराची वाट बघत बसतो. ईमेल मार्केटिंग विकणाऱ्याच्या डोमेनवर या ओळी आहेत की नाहीत, हे कुणालाही दोन मिनिटांत बघता येतं. जाणकार गिऱ्हाईक ते बघतंही.

आता आडवाटांकडे वळू. या धंद्यात त्यांचा मोह मोठा आहे, कारण त्या दाखवणारेही याच धंद्यातले असतात. फेब्रुवारी २०११मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीची गोष्ट छापली. कपडे, चादरी, गालिचे, काहीही शोधलं तरी गूगलवर पेनी पहिली. वर्तमानपत्राने खोदून पाहिलं तर हजारो असंबद्ध पानांवर पेनीचे दुवे पेरलेले आढळले. गूगलने कारवाई केली. १ फेब्रुवारीला ५९ शोधशब्दांसाठी पेनीचं सरासरी स्थान १.३ होतं, १० तारखेला ते ५२वर गेलं. आपल्याला याची कल्पना नव्हती, असं पेनीने सांगितलं आणि शोध-सल्लागार कंपनीला काढून टाकलं.

पेनी मोठी होती, ती सावरली. मे २०१२मध्ये वेळ आली एका इंटरनेट मार्केटिंग कंपनीवरच. गिऱ्हाइकांसाठी पैसे देऊन दुवे विकत घेतल्याचं उघड झालं आणि गूगलने त्या कंपनीची स्वतःची वेबसाइटच यादीतून उडवली. इतरांना गूगलवर दिसायला शिकवणारी कंपनी नावाने शोधली तरी सापडेना. त्याच वर्षी जानेवारीत गूगलने स्वतःलाही सोडलं नव्हतं. क्रोम ब्राउझरच्या जाहिरातीसाठी नेमलेल्या लोकांच्या मोहिमेत पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात क्रोमचा दुवा निघाला, तेव्हा गूगलने क्रोमचंच पान किमान साठ दिवसांसाठी खाली ढकललं.

‘गूगलवर पहिला नंबर, खात्रीशीर’ ही ओळ आजही पत्रकांवर आणि व्हॉट्सॲपवर फिरते. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगल स्वतः लिहितं. तेव्हा ही ओळ ज्याच्या वेबसाइटवर आहे, त्याने आपल्या धंद्यातलं पहिलं अधिकृत पानही वाचलेलं नाही, किंवा वाचून डोळ्यांआड केलं आहे. दोन्हींपैकी काहीही असलं तरी त्याच्या हाती पैसे देणं धोक्याचं.

छोट्या धंद्याची अब्रू बरीचशी लोकांच्या अभिप्रायांवर टिकते. हार्वर्डचे मायकल लुका यांनी सिॲटलमधल्याच रेस्टॉरंटांची विक्री वॉशिंग्टन राज्याच्या महसूल खात्याकडून मिळवली आणि ती येल्प या अभिप्रायाच्या वेबसाइटवरच्या ताऱ्यांशी पडताळून पाहिली. एक तारा वाढला की विक्रीत पाच ते नऊ टक्के भर पडते, असं त्यांना आढळलं. हा परिणाम स्वतंत्र, एकट्या-दुकट्या रेस्टॉरंटांमध्ये दिसला. साखळी रेस्टॉरंटांमध्ये दिसला नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. ज्याचं नाव कुणाला माहीत नाही, त्याच्याबद्दल इतर काय म्हणतात ते बघावं लागतं. छोटा मार्केटिंगवाला या दुसऱ्या गटात मोडतो.

म्हणूनच खोट्या अभिप्रायांचा बाजार तेजीत असतो, आणि म्हणूनच कायदाही मागे लागला आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते ऐच्छिक आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोटे अभिप्राय विकत घेण्या-विकण्याला बंदी करणारा नियम ऑक्टोबर २०२४पासून लागू झाला, त्यात दंडाची तरतूद आहे. अमेरिकेतल्या मराठी व्यावसायिकांसाठी इथून काम करणाऱ्या छोट्या एजन्सींनी तो वाचून ठेवायला हवा. ‘पन्नास फाइव्ह-स्टार अभिप्राय, इतक्या रुपयांत’ ही सेवा आपल्या दरपत्रकात असेल, तर आज तो आपल्याविरुद्धचा लेखी पुरावा आहे.

खरा अभिप्राय मिळवायचा मार्ग संथ आहे. काम संपल्यावर, गिऱ्हाईक खूश असताना, दुवा पाठवून विनंती करायची. प्रत्येक अभिप्रायाला उत्तर द्यायचं, वाईटाला तर आवर्जून. दोन ताऱ्यांच्या तक्रारीखाली ‘अहवाल वेळेवर गेला नाही, हे खरं आहे, आता दर महिन्याच्या पाच तारखेला पाठवतो’ असं उत्तर वाचणाऱ्याला त्या तक्रारीपेक्षा जास्त लक्षात राहतं.

अभिप्रायाहून मोलाचं पान केलेल्या कामाच्या हकिगतीचं. ते बहुतेकांना लिहिता येत नाही. ‘एका नामांकित खाद्यपदार्थ उद्योगाची विक्री आम्ही ३०० टक्क्यांनी वाढवली’ हे वाक्य निरर्थक आहे. कुठल्या आकड्यापासून वाढवली? किती काळात? जाहिरातीवर किती खर्च करून? महिन्याला चार डबे विकणाऱ्याने सोळा विकले तरी वाढ तीनशे टक्केच.

समजा, नाशिक जिल्ह्यातल्या एका बेदाणेवाल्याचं काम केलं आहे. त्याची हकिगत त्याच्या परवानगीने अशी लिहावी: आधी तो फक्त घाऊक व्यापाऱ्याला विकत होता, घरगुती गिऱ्हाईक नव्हतं. किलोचं पाकीट करून थेट विकायचं ठरलं. पहिल्या महिन्यात इंग्रजीतून जाहिराती लावल्या, त्या फसल्या; लोक टिचकी मारून येत, पण पाठवणीचा खर्च बघून परत जात. मग पाठवणी किमतीत धरली, जाहिराती मराठीत केल्या, फक्त पुणे-मुंबईत दाखवल्या. जाहिरातीवर इतका खर्च झाला, इतक्या ऑर्डरी आल्या, एका ऑर्डरीमागे इतका खर्च पडला, आणि दुसऱ्यांदा घेणारे इतके निघाले. या सगळ्या ‘इतक्या’च्या जागी खरे आकडे आणि त्यांच्या शेजारी जाहिरात खात्याच्या अहवालाचं चित्र. फसलेला पहिला महिना गाळायचा नाही. तोच या हकिगतीला खरेपणा देतो, आणि वाचणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याला एक महिन्याचे पैसे वाचवून देतो. अशा तीन हकिगती असलेली साधी वेबसाइट चाळीस बोधचिन्हांची रांग लावलेल्या वेबसाइटपेक्षा सरस.

रँड फिशकिन हेच पुढे मोठ्या प्रमाणावर करत राहिला. २००७पासून दर शुक्रवारी पांढऱ्या फळ्यासमोर उभं राहून एकेक विषय समजावणारा व्हिडिओ त्याने सुरू केला, तो या क्षेत्रातल्या अनेकांची शाळा ठरला. २०११मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरची गुंतवणूक मिळता मिळता हुकली, तर ती कशी हुकली हेही त्याने सविस्तर लिहिलं. पुढच्या वर्षी १ कोटी ८० लाख डॉलर मिळाले. २०१३मध्ये नाव नुसतं ‘मॉझ’ झालं. वाढीची किंमतही मोजावी लागली. कंपनी वाढली, मूळ कामापासून चहूकडे पसरली, आणि ऑगस्ट २०१६मध्ये ५९ जणांना, म्हणजे चारातल्या एकाहून जास्त माणसांना, घरी पाठवावं लागलं. स्वतःच्या नैराश्याबद्दल त्याने २०१४मध्येच जाहीर लिहिलं होतं. २०१८च्या सुरुवातीला तो कंपनीतून बाहेर पडला आणि २०२१मध्ये मॉझ विकली गेली.

मॉझ मोठी होण्याचा प्रवास छोट्या एजन्सीने गिरवावा असा नाही. गिरवायची ती सुरुवातीची वर्षं, जेव्हा दोघं-चौघं होते आणि रोजचं शिकलेलं रोज मांडत होते. मराठीत तर ही संधी मोठी आहे. गूगल नोंदीची पडताळणी आता अनेकदा व्हिडिओने करावी लागते. दुकानाची पाटी, आतली जागा, कुलूप उघडताना मालक, हे एका सलग चित्रणात दाखवायचं असतं. नोंदीत धंद्याच्या नावापुढे ‘सर्वोत्तम’, ‘स्वस्त’ किंवा शहराचं नाव चिकटवलं तर ते नियमात बसत नाही आणि नोंद निलंबित होऊ शकते. घरून काम करणाऱ्याला घराचा पत्ता लपवून फक्त सेवाक्षेत्र दाखवता येतं. बार्शीचा किंवा चिपळूणचा दुकानदार या गोष्टींत रोज अडतो. त्या नीट मराठीत, चित्रांसह, कुणाही दुकानदाराला कळतील अशा समजावणारी वेबसाइट चालवणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागणार नाही, असं मानायला सिॲटलचा दाखला पुरेसा आहे.

एक अडचण मात्र एसईओमॉझच्या सुरुवातीच्या दिवसांत नव्हती. फिशकिनच्याच नव्या कंपनीने, स्पार्कटोरोने, २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत गूगलवरच्या दर हजार शोधांमागे खुल्या वेबवरच्या वेबसाइटकडे जाणाऱ्या टिचक्या फक्त ३६०. सुमारे ५८.५ टक्के शोधांमध्ये माणूस कुठेच टिचकी मारत नाही. उत्तर तिथल्या तिथे मिळतं किंवा तो नवा शोध करतो. त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेली उत्तरं अमेरिकेत निकालांच्या माथ्यावर आणली. सामान्य माहितीचं पान लिहून गर्दी खेचायचे दिवस सरत चालले आहेत. यंत्राला जे दुसरीकडून उचलून सांगता येत नाही, ते शिल्लक राहतं: स्वतः केलेल्या कामाचे आकडे, स्वतः केलेला प्रयोग, स्वतःच्या नावाने घेतलेली भूमिका. गूगलने आपल्या मूल्यमापकांच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२मध्ये कौशल्य, अधिकार आणि विश्वास यांच्या जोडीला ‘अनुभव’ हा चौथा निकष घातला, तोही याच दिशेने जाणारा. विषयाचं नाव शोधून येणारे कमी होतील. एजन्सीचं किंवा माणसाचं नाव टाकून येणाऱ्यांवर भिस्त ठेवावी लागेल.

स्पार्कटोरो हा फिशकिनने केसी हेन्रीसोबत २०१८मध्ये मुद्दाम लहान ठेवायचा म्हणून काढलेला धंदा. वाढीच्या मागे धावायला लावणारी गुंतवणूक त्यांना नको होती. म्हणून त्यांनी व्यक्तींकडून १३ लाख डॉलर घेतले, तेही नफ्यातून परतफेड करायच्या वेगळ्या कराराने. तो करार वकिलाकडून करून घ्यायला खर्च आला होता. त्यांनी तो आपल्या वेबसाइटवर ठेवला आहे. तसाच धंदा काढू बघणाऱ्या कुणालाही तो उतरवून घेता येतो.